घुबडांची नेमणूक

अमेरिकेत सीडारच्या फळ्यांचं घर घेतलं की वसंतातल्या पहाटे सुतारपक्षी हजर होतो. कधी फळीतल्या अळ्यांसाठी भोकं पाडतो, कधी घरट्यासाठी. आणि नुसता हद्दीवर हक्क सांगायचा असेल तर पत्र्याच्या पन्हळीवर बडवत बसतो, आवाज लांब जातो म्हणून. त्याला मारायची सोय नाही. १९१८चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा आडवा येतो, परवाना लागतो. कर्जाचे हप्ते एकाचे, कायद्याचं छत्र दुसऱ्याला!

मग प्लॅस्टिकचं घुबड आणायचं. पक्षी थोडे दिवस बिचकतो, पुढे त्याच्यादेखत काम चालू ठेवतो. हसू नका, 'नासा'नेही हीच घुबडं नेमली होती. १९९५ साली फ्लोरिडात डिस्कव्हरी यानाच्या बाह्य इंधनटाकीच्या फोमला सुतारपक्षी मंडळींनी सुमारे २०० भोकं पाडली आणि जूनचं उड्डाण जुलैवर गेलं.

घरी जाळी ताणता येते, चमकत्या पट्ट्या टांगता येतात. त्याआधी फळीत किडे आहेत का, तेही बघता येतं. पण किड्यांवर खर्च कोण करणार? घुबड स्वस्त पडतं, शिवाय शेजाऱ्यांना दिसतं.