माऊस उतरवणारे अण्णा

पूर्वी गावात विंचू उतरवणारा एक माणूस असायचा. पैसे घ्यायचा नाही, मंत्र कुणाला सांगायचा नाही. हल्ली त्याच्या जागी सोसायटीत लिनक्स जाणणारा एक माणूस असतो. आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत हे पद अण्णांकडे आहे. बँकेतून निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात. अण्णा उबुंटूला गेले.

माझ्या कॉम्प्युटरवर लिनक्स घातलं तेही त्यांनीच, मी गाफील असताना. माझी तक्रार एवढीच, की माऊसचा बाण फार पळतो.

"सेटिंग्जमध्ये वेगाची पट्टी असते ना?" हिनं विचारलं.

चातुर्मासात पानात कांदाभजी पडावी तसं अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. "वहिनी, पट्टी काय, कुणीही सरकवील!"

अण्णांच्या मते माऊस ही मुळातच चूक. १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्टनं तो लोकांना दाखवला, आणि तेव्हापासून माणसाच्या बोटांना आळस चढला. एवढा तिटकारा, पण त्याच माऊसच्या दुरुस्तीसाठी एका हाकेत तीन जिने उतरून येतात.

त्यांनी टर्मिनल उघडलं. काळा पडदा दिसताच चेहऱ्यावर गाभाऱ्यात शिरल्याचं समाधान पसरलं. 'एक्सइनपुट लिस्ट' लिहिल्यावर यादी आली, आणि तीत आमचा एकुलता एक वायरलेस माऊस दोनदा हजर: एकदा पॉइंटरांत, एकदा कीबोर्डांत.

"दोन रेशनकार्डं काढलीत लेकानं!" अण्णा खूश झाले. "एकेक बंद करून बघू. डिसेबल अकरा." एंटर.

माऊस ठणठणीत. कीबोर्ड गेला.

पुढची वीस मिनिटं मी विसरणार नाही. लिनक्समध्ये मजकूर नुसता निवडून मधलं बटण दाबलं, की तो कर्सरपाशी उमटतो. अण्णा त्या यादीतून माऊसनं एकेक अक्षर वेचून खालच्या ओळीत आणून ठेवत होते. बाण अजूनही सुसाटच. 'ई' पकडायला जावं तर 'एन' हाती लागे. 'एनेबल' अर्धा झाला तेवढ्यात ही चहा घेऊन आली. तिनं कप ठेवला, कीबोर्डची वायर उपटली आणि परत खोचली. कीबोर्ड सुरू.

"हॉटप्लग," अण्णा गंभीरपणे म्हणाले. "मी त्याच्यावरच येत होतो."

मग त्यांनी वेगाचा आकडा खाली आणला. हे माप वजा एक ते अधिक एक असतं. आमचा बाण वजा ०.५ वर माणसात आला.

"पण कॉम्प्युटर बंद करू नका हं. परत चालू केलात की हे पुसलं जातं."

"कायमचं नाही का करता येत?"

"येतं की! 'एक्सऑर्ग डॉट कॉन्फ डॉट डी'त चार ओळींची फाइल टाकायची." कप ठेवून ते उठले. "पुढच्या वेळी बघू."

ती पुढची वेळ आतापर्यंत सहादा येऊन गेली. पट्टी एकदा सरकवली की सरकलेलीच राहते, हे एव्हाना आम्हा दोघांनाही कळलंय. पण काल वीज जाऊन आली, बाण पुन्हा उधळला, तेव्हा हिनं आधी चहाचं आधण ठेवलं आणि मग मला म्हणाली, "मारा हाक अण्णांना."