दहातले किती?

दिवाळीचे फटाके वाजून संपले, की काकांच्या शर्टाचा खिसा ओला दिसायला लागतो. नवख्या माणसाला वाटतं, पेन गळलं असेल. जुने लोक दोन पावलं मागे सरकतात, कारण खिशात मिरची असते.

काकांची ओळख करून देत बसत नाही. सोसायटीच्या गच्चीची किल्ली ज्यांच्याकडे 'दोन दिवसांसाठी' गेली आणि परत आली नाही, चहाचा चोथा मागायला जे वाटी घेऊन दारात उभे राहतात, ते काका तुमच्याही जिन्यात असणारच. आमचे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले होते. नोकरीत असताना त्यांनी कोणाच्या शेताला वेळेवर पाणी सोडल्याचं ऐकिवात नाही. त्याची सगळी भरपाई कुंड्यांना मिळायची, आणि कुंड्यांना पिऊन उरलेलं आमच्या दिवाणखान्याच्या छताला, कारण गच्चीखाली आम्हीच राहत होतो. छतावर पहिल्या वर्षी श्रीलंका उमटली. पुढच्या वर्षी मालदीवची बेटं वर आली. काकांना बोलावून दाखवलं, तर मान वर करून म्हणाले, "ओल छान धरलीय. इथे वाफा असता तर मेथी आली असती."

तर खिसा. मिरचीच्या बीला रुजायला पंचवीस-तीस अंशांची ऊब लागते. पुण्यात डिसेंबरच्या रात्री पारा दहा-बाराला टेकतो, आणि मग मिरचीचं बी तीन-तीन आठवडे रुसून बसतं. टोमॅटो, वांगी यांचीही तीच गत, मिरचीइतकी हट्टी नसली तरी. यावर काकांचा उपाय असा, की दहा बिया ओल्या सुती फडक्यात गुंडाळायच्या आणि ती पुरचुंडी छातीशी घेऊन हिंडायचं. माणसाच्या अंगाला फुकट ऊब आहे, ती वाया का घालवायची? अशाच एका लग्नात व्याहीभेटीच्या वेळी मुलाचे वडील हात पसरून पुढे आले, तर आमच्या वधूपक्षाच्या या ज्येष्ठाने त्यांच्या छातीवर हात ठेवून त्यांना जागीच थोपवलं. "जपून. मोड आलेत." त्या गृहस्थांनी पुढचा तासभर ही बातमी कुजबुजत्या आवाजात आपल्या बाजूला पोचवली.

आठ-दहा दिवसांनी फडकं उघडायचं आणि मोड आलेल्या बिया मोजायच्या. सात आल्या तर उगवण सत्तर टक्के. यात थट्टेसारखं काही नाही. सरकारी बीज प्रयोगशाळेत हेच करतात, फक्त तिथे चारशे बिया मोजतात. काकांचं जग मात्र दहावर चालतं, आणि बियांवर थांबत नाही.

नाटक पाहून आले. "कसं होतं, काका?" "दहातले सहा. पहिल्या अंकातले विनोद जमिनीतच कुजले." दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीचं स्थळ ठरलं, चार नातेवाईक भेटून गेले. "दहातले आठ. दोन मावश्या पोकळ निघाल्या." स्वतःच्या दाताच्या डॉक्टरांनाही त्यांनी ऐकवलं होतं, की तुम्ही बसवलेल्यांपैकी किती धरलेत ते आधी सांगा. सोसायटीच्या वार्षिक सभेला बारा बिऱ्हाडांतून सात माणसं आली, तेव्हा चिटणीस 'गणपूर्ती झाली' असं म्हणायच्या आत काकांनी जाहीर केलं, "सातबारा झाला. उगवण अठ्ठावन्न टक्के. हे कांद्याचं शिळं बी आहे." कांद्याच्या बीचा जोम वर्षभरात ओसरतो, टोमॅटोचं नीट ठेवलं तर तीन-चार वर्षं चालतं, हे आम्हा सगळ्यांना तेव्हापासून पाठ आहे. विसरायचा प्रयत्न करून झाला.

बियाण्यांचा कायदा १९६६ चा. त्याखाली कोणत्या बियाण्याची निदान किती उगवण हवी ते सरकारने ठरवून दिलंय. टोमॅटो ७० टक्के, वांगी ७०, भेंडी ६५, मिरची ६०. काकांच्या कपाटाच्या दाराला आतून हा तक्ता चिकटवलेला होता आणि मुलीच्या लग्नानंतर जावयाचं काय, असा प्रश्न आला तेव्हा त्यांनी तक्त्यावरून बोट फिरवून निकाल दिला. "मिरचीत बसतो. साठला पास." काकू आतून म्हणाल्या, "आणि तुम्ही?" काका म्हणाले, "मी वाणच वेगळा आहे, त्याचं प्रमाणीकरण होत नाही." मला विचाराल तर मी चारवर होतो. माझ्या हाती दिलेली कोथिंबीर उगवली नाही. मी धणे अख्खेच पेरले होते म्हणे, रगडून दोन फोडी न करता.

एकदाच काका हादरलेले पाहिले. बिटाचं बी लावलं होतं. दहा बिया मोजून ठेवल्या, सकाळी फडकं उघडलं आणि मोड निघाले सतरा. चष्मा पुसून पुन्हा मोजलं, सतराच. सरकारी नोकरीत मंजुरीपेक्षा जास्त काही उगवलेलं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. रात्री साडेदहाला आमची बेल वाजली. दारात काका, हातात बशी, चेहरा उतरलेला. पुढे त्यांनी कुठल्याशा कृषी पदवीधराला गाठून खुलासा मिळवला, की बिटाचं जे बी म्हणून आपण पेरतो तो प्रत्यक्षात चिकटलेल्या फळांचा घोस असतो, त्यातून दोन-दोन, तीन-तीन कोंब निघतात. कोडं सुटलं, पण हिशेब बिघडला तो बिघडलाच. कोणाला जुळं झालं की अजूनही ते "बीट" एवढंच म्हणतात.

थंडी वाढली की एक खिसा पुरायचा नाही. काकांच्या घरातल्या उबदार जागा, म्हणजे फ्रीजचा माथा, इन्व्हर्टर, टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, भोपळा-दुधी-कारल्याने आधीच अडवलेल्या असायच्या. मग ते थर्मामीटर घेऊन शेजाऱ्यांची घरं तपासायला निघत. आमच्या राउटरवर त्यांनी पाच मिनिटं थर्मामीटर धरला आणि गहिवरून म्हणाले, "एकतीस! अरे, साऱ्या इमारतीत असा राउटर नाही." त्या हिवाळ्यात आमच्या राउटरवर स्टीलची ताटली आणि तीन पुरचुंड्या बसल्या. 'वांगी, काटेरी' अशी चिठ्ठीसुद्धा. इंटरनेट रखडलं म्हणून दुरुस्तीला आलेल्या मुलाने ताटली उचलली, फडकं उघडून पाहिलं, आणि घडी पुन्हा होती तशी घातली. त्याची तक्रार अशी, की आमच्या तारेत दोष नाही, पण साहेब, हे कोणी केलं असेल तर ते काढून टाका, देवाधर्माचं आम्ही काही लावत नाही.

खर्चाचा विषय काकूंसमोर काढत नाहीत. कोकोपीटच्या विटा, गांडूळखताची पोती, निंबोळी पेंड, रोपांचे ट्रे, हिरवी जाळी, ठिबकच्या नळ्या. मुंबईत डॉ. दोशी यांनी गच्चीवर उसाच्या चिपाडात भाज्या पिकवल्या, हे कुठेतरी वाचल्यापासून काका रसवंतीवाल्याच्या मागे पोतं घेऊन उभे राहू लागले. उन्हाळाभर गच्चीत चिपाडं आणि त्यांवर आख्ख्या कोथरूडच्या मुंग्या. एवढं सगळं करून काकांची मेथी नेमकी जानेवारीत हाताशी यायची. म्हणजे मंडईत ती मातीमोल झालेली असते तेव्हा. निसर्गाचा नियमच तो, ज्या थंडीत काकांची मेथी फोफावते, त्याच थंडीत जुन्नर-पुरंदरचीही फोफावते. काकांची जुडी चार माणसांना पुरायची नाही. मी काकूंना भाजीवालीकडून दोन जुड्या घेऊन पदराआडून जिना चढताना पाहिलंय. जेवताना काका म्हणायचे, "घरच्या मेथीची चवच वेगळी." काकू वाढत राहायच्या.

याच काकांनी एका वर्षी अकोले तालुक्यात कोंभाळण्याला जाऊन राहीबाई पोपेरे यांची बियाणे बँक पाहिली. २०२० साली पद्मश्री मिळालेल्या या बाईंनी घेवडे, वाल, भात यांचे गावरान वाण जपून ठेवलेत आणि शेतकऱ्यांना बी देत असतात. मला वाटलं, आता महिनाभर राहीबाईंची उगवण ऐकावी लागणार. पण काका आले ते गप्पच. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "तिथे मला मोजायचं सुचलं नाही." त्यानंतर ते रोपं वाटायला लागले. मागणी नसताना. दुधाच्या पिशव्यांत माती भरून, टाचणीने भोकं पाडून, सकाळी सहाला प्रत्येकाच्या दारात. चप्पल घालायला गेलात की पायाखाली वांगं.

मग आमची इमारत पुनर्विकासाला निघाली. कोथरूडमध्ये जे सगळ्यांचं होतं तेच आमचं झालं. कायद्याने ५१ टक्के संमती पुरते. आम्हा सर्वांची अटकळ होती, काका अडून बसणार. गच्ची जाणार, ड्रम जाणार, चिपाडं जाणार. सभेत चिटणीसांनी चाचरत सह्यांचा कागद पुढे केला, तर काकांची सही सगळ्यांत वर. "हिचे गुडघे," ते म्हणाले. "लिफ्ट हवी." एवढं बोलून त्यांनी सह्या मोजल्या. "दहातले नऊ. चांगलं बी आहे."

बिल्डरच्या माणसाने चकचकीत पुस्तिका वाटली. तिच्यात बाराव्या मजल्यावर 'ऑरगॅनिक किचन गार्डन' होतं, त्यात एक गोरी बाई टोपी घालून टोमॅटो खुडत होती. बाईच्या पायाशी एकही सुकलेलं पान नव्हतं, मावा नव्हता, पिठ्या ढेकूण नव्हता. काकांनी चित्र डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि विचारलं, "उगवण किती?" पोरगा हुशार होता. म्हणाला, "सर, अठ्ठ्याण्णव टक्के बुकिंग झालंय." काका त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. "टोमॅटोला सरकारसुद्धा सत्तरच मागतं, बाळ."

घरं जानेवारीअखेर रिकामी करायची होती. काकांनी दिवाळीनंतर नेहमीप्रमाणे ट्रे भरले. मी म्हटलं, "काका, फेब्रुवारीत इथे जेसीबी येणार." ते बोटं मोजत म्हणाले, "टोमॅटो महिन्यात, मिरची सहा आठवड्यांत उचलता येते. वेळ आहे." आणि खरंच, सामानाचे टेम्पो लागायला लागले तेव्हा प्रत्येक टेम्पोत शेवटी, गाद्यांच्या वर, काकांनी स्वतः चढून दुधाच्या पिशव्या ठेवल्या. कोणाला दोन मिरच्या, कोणाला एक वांगं. आम्ही सगळे भाड्याच्या घरांत पांगलो. कोणी धायरीला, कोणी वाकडला, कोणी थेट मोशीला. चाळीस वर्षं ज्यांचा कुकर शिट्टीवरून ओळखू यायचा त्यांचा पत्ता आता गूगलला विचारावा लागतो.

फोन सुरू झाले पहिल्याच आठवड्यात. "फुटवा आला का? पानं आकसली नाहीत ना?" तळमजल्याच्या वकीलबाईंकडची मिरची टेम्पोतच मेली होती. त्यांनी नर्सरीतून नवीन आणली आणि तिचा फोटो पाठवला. पाच मिनिटांत उत्तर: "ही ज्वाला आहे. मी लवंगी दिली होती." वकीलबाई आजवर एवढ्या झटपट एकही खटला हरलेल्या नाहीत.

हळूहळू मिरचीची चौकशी आखडती होत गेली आणि इतर वाढली. मुलाची बारावी. नव्या घराला पाणी किती वाजता येतं. वरचे शेजारी रात्री फर्निचर ओढतात का. दुसऱ्या मजल्यावरच्यांची मुलगी जर्मनीहून कधी येणार, हे मला काकांकडून कळतं. माझं कोलेस्टेरॉल तिला कोणाकडून कळलं हे मी ओळखलंय. माणूस तापदायक आहे, यात शंका नाही. सकाळी सहाला फोन करतो, आणि उचलला नाही तर सहा-दहाला पुन्हा करतो.

एकदा वैतागून मी विचारलं, "काका, सगळ्यांनाच असे फोन करता?"

"अकरा घरं. सात उचलतात."

मला वाटलं, आता कांद्याचं शिळं बी येणार. काका थोडं थांबून म्हणाले, "मिरचीला साठ चालतात."

परवा पुन्हा सहाला फोन वाजला. दिवाळी होऊन गेलीय, गारवा पडलाय. काकांच्या धायरीच्या घरात मालकाने राउटर छताच्या आतल्या खोबणीत बसवलाय आणि हात लावू देत नाही. फ्रीज नव्या धर्तीचा, माथ्याला गारच. खिसा एकटाच चालू आहे. "तुझा राउटर तोच आहे ना रे? रविवारी येऊ का? तीनच पुरचुंड्या आहेत."

कंपनी बदलली, राउटर बदलला, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात हिने माझ्या हातून फोन घेतला आणि म्हणाली, "या, काका. येताना थर्मामीटर आणा, हा किती तापतो ते बघायचंय. आणि जेवायलाच या, मेथी करते." मग फोनवर हात ठेवून मला म्हणाली, "खालून दोन जुड्या घेऊन ये शनिवारी. पिशवी काळी ने."