टोपी नेईल तिथे

इंटरनेटवर पनामा टोपीची चौकशी करायला निघालेला माणूस तासाभराने बोहेमियात सापडला, तर लोक म्हणतात, भरकटला. माझं म्हणणं उलट आहे: टोपी स्वतःच वाट वाकडी करत आलेली असते, तेव्हा तिच्यामागे सरळ जाणाराच चुकतो. पनामा टोपी विणतात इक्वाडोरमध्ये, मोन्तेक्रिस्ती आणि कुएन्का भागात. १८४९च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या सोन्यामागे धावणारे लोक पनामाची चिंचोळी पट्टी ओलांडत आणि डोकं तापलं की तिथेच ही टोपी विकत घेत. मनमाडला गाडी बदलली म्हणून येवल्याच्या पैठणीला मनमाडी म्हणावं, तसा हा प्रकार. सरळमार्गी प्रवासी पनामात उतरतो, कालवा बघतो आणि विणकर न भेटताच परततो.

एका टोपीवरून नियम कसा काढता, असं कुणी म्हणेल. मग फेझ टोपी घ्या. नाव मोरोक्कोतल्या शहराचं, पण १८२९ साली उस्मानी सुलतान महमूद दुसरा याने ती इस्तंबूलच्या अधिकाऱ्यांच्या डोक्यावर चढवली, पागोटी उतरवून. पुढे साम्राज्याची ही शान ऑस्ट्रियातून आयात होऊ लागली. तेव्हा ऑस्ट्रियाच्या अमलाखालच्या बोहेमियातलं स्त्राकोनित्से गाव या टोप्यांवर भरभराटलं. १९०८ साली ऑस्ट्रियाने बोस्निया गिळला, तेव्हा तुर्कांनी ऑस्ट्रियन मालावर बहिष्कार घातला आणि पहिला घाव स्वतःच्याच डोक्यावर बसला. १९२५ साली तुर्कस्तानात अतातुर्कने फेझवर बंदी आणली, तर लोक परंपरा बुडाली म्हणून हळहळले. ती परंपरा शंभर वर्षांचीही नव्हती, आणि आली होती तीही हुकमानेच! ही गंमत एका गावी बसून कळत नाही. मोरोक्को, इस्तंबूल, बोहेमिया अशी रपेट करावीच लागते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: अशाने माणूस कुठेही जाईल. खरं आहे. पनामा टोपी जिच्यापासून विणतात ती टोकिया वनस्पती ताडासारखी दिसते, पण ताड नव्हे. तिच्या शास्त्रीय नावात स्पेनचा राजा चौथा कार्लोस आणि राणी लुइसा बसले आहेत. तिथून दरबारातल्या भानगडींत शिरायला कितीसा वेळ! पण तिथे टोपी सोबत नसते. तेव्हा वळणावर एवढंच पाहावं, की वाट तिने वाकडी केली की आपण. आपण केली असेल, तर ती सहल. सहलीला मनाई नाही. फक्त तिची पावती अभ्यासाच्या नावाने फाडू नये.