वसुलीचा पाट

मांजर आडवं गेलं तर चार पावलं मागं फिरायचं, ही जुनी रीत. आमच्या मजल्यावरच्या काकांकडे मात्र ते आडवं जायच्या आधीच मागं फिरावं लागतं. बेल वाजवली की आतून आवाज येतो, "थांब रे! वसुली कुठाय बघतो."

वसुली म्हणजे मांजर. काका बँकेच्या कर्जवसुली खात्यातून निवृत्त झाले. पायाशी बसून, काहीतरी पदरात पडल्याशिवाय न हलणाऱ्या प्राण्याला त्यांना दुसरं नाव सुचलंच नाही. असे काका आता प्रत्येक सोसायटीत एक तरी असतात. जन्मभर "घरात केस नकोत" म्हणायचं, आणि लेक नोकरीसाठी दूर जाताना मांजर मागे ठेवून गेली की त्याचा द्वारपाल व्हायचं.

दार किलकिलं झालं की ही बया पायांमधून सुटते आणि वरच्या मजल्यावरच्या चपलांच्या रॅकवर जाऊन बसते. तिला निसटण्यात रस, कुठे पोचण्यात नाही. त्यात मांजरांना चेव यायच्या वेळा दोन, पहाट आणि तिन्हीसांज. दूधवाला पहाटे येतो आणि काकू तिन्हीसांजेला देवळात निघतात.

स्ट्राँगरूमच्या किल्ल्या दोघांकडे असतात, त्याच धर्तीवर काकांनी नियम केला. लाकडी दार आणि जाळीचं दार एकाच वेळी उघडायचं नाही. दोन्हींच्या मध्ये वीतभर जागा आहे. तिथं मी फराळाचं ताट छातीशी धरून उभा राहिलेलो आहे.

मग काकांनी वाचन सुरू केलं. १८९८ साली थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा प्रबंध आला. त्यानं भुकेली मांजरं खोक्यात कोंडून खाऊ बाहेर ठेवला होता. धडपडीत कधीतरी चुकून कडी सुटायची, आणि पुढच्या खेपांना सुटायला लागणारा वेळ कमी कमी होत जायचा.

"म्हणजे चूक कुठे झाली?" काकांनी मला विचारलं. "खाऊ आत ठेवायला हवा होता!"

तेव्हापासून दारापासून सात फुटांवर एक पाट मांडलेला असतो. काका बॉलपेनचं बटण टक्कन दाबतात, वसुली पाटावर बसते आणि चिल्लरच्या जुन्या डबीतून तिला उकडलेल्या चिकनचा शेंगदाण्याएवढा तुकडा मिळतो. हे चिकन शिजवायला वेगळं पातेलं आहे, ते बाल्कनीत राहतं. घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद असतो, पण काकू यावर बोलत नाहीत. आधी बंद दाराशी सराव, मग कडी वाजवून, मग दार बोटभर उघडून. ओरडायचं नाही, मारायचं तर मुळीच नाही. आणि शेवटचं कलम असं की दारात लाड करायचे नाहीत. बाहेरून आल्यावर तिच्याकडे न बघता सरळ आत जायचं, म्हणजे दाराला भाव चढत नाही. हे कलम घरातल्या सगळ्यांना लागू.

परवा दुपारी काकू भिशीला गेल्या होत्या. गॅसवाला सिलिंडर ठेवून गेला आणि जाताना दोन्ही दारं सताड उघडी टाकून गेला. काका न्हाणीघरातून बाहेर आले, उघडं दार पाहिलं आणि "वसुली!" म्हणत पंचा-बनियनवर जिन्याकडे धावले. वाऱ्यानं मागं लाकडी दार आपटलं. लॅच बसला. किल्ली आत, मोबाइल आत.

वरचा रॅक रिकामा होता. मी आणि काका खाली उतरलो आणि त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून, पॅसेजच्या बाजूनं, आत डोकावलो. वसुली पाटावर बसली होती. तसूभरही हललेली नव्हती. पेन कधी वाजतंय याची वाट बघत होती.

"बघितलंस? शिकली!" काका पंचा सावरत म्हणाले. चहाला माझ्याकडे यायला तयार होईनात. तिचं देणं थकलंय म्हणाले.

तासाभरानं काकू आल्या. त्यांनी किल्ली फिरवली. काका तोंड उघडणार, तोच त्या त्यांच्याकडे न बघता सरळ आत गेल्या.