अर्थिंगवाले आप्पा

लिंबायत, डिंडोली, गोडादरा, उधना. सुरतेच्या या पट्ट्यात कुठल्याही गल्लीत 'काय भो' अशी हाक मारा, चार माना वळतात. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसं ताप्ती लाइनच्या गाडीनं उधन्याला उतरली आणि लूमच्या खटखटाटात कायमची मुक्कामाला राहिली. या वस्तीत एक भजनी मंडळाचे अध्यक्ष असतात, गावाकडची लग्नं जुळवणाऱ्या एक काकू असतात आणि एक अर्थिंगवाले आप्पा असतात. अध्यक्षांना आणि काकूंना बोलावणं धाडावं लागतं. आप्पा आपणहून येतात.

आप्पांची सारी हयात पांडेसऱ्याच्या लूमखात्यात वायरमन म्हणून गेली. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर, हातातल्या पिशवीत टेस्ट लॅम्प. टेस्ट लॅम्प म्हणजे होल्डर, त्याला दोन वायरी आणि ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब. एलईडीच्या जमान्यात हा बल्ब सहज मिळत नाही, म्हणून आप्पा तो मोज्यात गुंडाळून ठेवतात. दारात चपला काढता काढता पहिला प्रश्न ठरलेला, "अर्थिंग शे का?"

"आहे ना आप्पा, बिल्डरनं दिलंय." हे उत्तर ऐकलं की आप्पा चहाला नाही म्हणतात.

एका वास्तुशांतीला मी त्यांची तपासणी जवळून पाहिली. गुरुजींचा संकल्प चालू होता. आप्पांनी स्वयंपाकघरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये एक वायर फेजला, दुसरी अर्थच्या भोकात लावली. क्षणात पंखे थांबले, मिक्सर थांबला, गुरुजी थांबले. आतून घरधनीण ओरडली. आप्पांचा चेहरा मात्र उजळला होता. "पडला! करंट गळला की वीज तोडणारा आरसीसीबी आहे, ३० मिलीअँपिअरचा, मी दिले त्याला अडीचशेच्या वर. पडायलाच पाहिजे. घर चांगलं आहे हो!" असा आशीर्वाद गुरुजींनाही त्या दिवशी देता आला नसेल.

आरसीसीबी नसलेल्या घरात बल्ब मंद पेटला तर ते गप्प होतात. म्हणजे अर्थिंग कमजोर. आणि बल्ब लखलखीत पेटला, तर जास्तच गप्प होतात आणि बोर्ड खोलायला घेतात. कारण पुष्कळ घरांत वायरमननं कष्ट वाचवायला अर्थची पिन सॉकेटच्या आतच न्यूट्रलला जोडलेली असते. वरून सगळं ठीक. पण न्यूट्रल कुठे तुटला की गीझरचं, फ्रिजचं अख्खं अंग जिवंत. "ही हिरवी वायर इथं काय करते? हिला जमिनीत जायचं होतं, ही शेजारणीकडे जेवायला बसली!"

अशा आप्पांचा सख्खा भाचा धंद्यात वर आला आणि त्यानं वेसूला बंगला बांधला. सगळ्या घराला डक्टचा एसी. त्याचा साडू न्यू जर्सीला असतो. तिथे बर्फाच्या दिवसांत घर तापवलं की हवा सुकते, नाकातून रक्त येतं, म्हणून अख्ख्या घराला वाफ पुरवणारं यंत्र बसवतात. भाच्यानं ते तिथे पाहिलं आणि इथे मागवलं. स्टीम ह्युमिडिफायर. सुरतेत!

"मामा, एसीनं हवा कोरडी होते."

"अरे भो, लूमवर हवा कोरडी पडली की सूत तुटतं, पॉलिएस्टरचा धागा अंगाला चिकटतो. तुझं काय तुटतंय?"

आणि हिशेब सरळ होता. एसी हवेतलं पाणी उपसून नळीवाटे बागेत टाकणार, हे यंत्र तितकंच पाणी उकळून परत हवेत ओतणार, आणि मध्ये मीटर पळणार. पण यंत्र आलंच आहे म्हटल्यावर आप्पांनी बाह्या सरसावल्या. मूर्खपणा करायचा तर तो नियमात बसवून करायचा, हे त्यांचं तत्त्व आहे आणि मला ते पटतं.

बंगल्यावरचा वायरमन गीझरच्याच लाइनवर पिनटॉप लावून मोकळा होणार होता. "चालशे, काका." आप्पांनी यंत्रावरची पाटी वाचली. साडेपाच किलोवॅट, म्हणजे २३० व्होल्टला २४ अँपिअर. १६ अँपिअरचं सॉकेट वितळलं असतं. मुख्य बोर्डापासून स्वतंत्र लाइन आली, सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, ३२ अँपिअरचा एमसीबी, आरसीसीबी, आणि यंत्राशेजारी फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच. "झाकण उघडणाऱ्याला स्विच डोळ्यांसमोर दिसला पाहिजे. खाली कुणी चालू केला तर वरचा गेला."

मग प्लंबरची पाळी. यंत्र मधून मधून उकळतं पाणी बाहेर सोडतं, नाहीतर क्षार साचतात. प्लंबरनं त्याला साधा पीव्हीसी पाइप लावला होता. आप्पांनी तो काढायला लावून उकळतं पाणी सोसणारा पाइप घातला आणि त्याचं तोंड गटाराच्या नरसाळ्यापासून दोन बोटं वर ठेवलं, म्हणजे घाण पाणी उलटं ओढलं जाणार नाही. वाफेची नळी पीओपीच्या छतात नागमोडी फिरवायचा घाट इंटिरियरवालीनं घातला होता. "ताई, जिथं झोळ तिथं पाणी, जिथं पाणी तिथं वाफ अडली. नळीला यंत्राकडे उतार द्या." ताईंनी डिझाइन बदललं. एसीचा पंखा फिरत असेल तरच वाफ सुटावी, अशीही जोडणी झाली, नाहीतर डक्टमध्येच पाऊस पडून बुरशी धरली असती.

एवढं करून बटण दाबलं तर वाफच नाही. भाच्यानं हौसेनं त्याला आरओचं पाणी जोडलं होतं. हे यंत्र इलेक्ट्रोडचं, पाण्यातूनच करंट नेऊन पाणी तापवणारं. आरओनं क्षार काढून टाकले तर करंट जाणार कशातून? महापालिकेचं साधं पाणी जोडल्यावर डबा गुरगुरायला लागला. आप्पांनी आर्द्रता पन्नास टक्क्यांवर लावून दिली.

जूनमध्ये भाच्याचा फोन आला. "मामा, मशीन बंद पडलं. सुरूच होत नाही."

"होणारच नाही. पन्नासला थांब सांगितलंय त्याला, आणि हवेत ऐंशी आहे. फॉल्ट मशीनमध्ये नाही भो, सुरतेत आहे."

पण तपासल्याशिवाय आप्पांना चैन पडेना. बंगल्यावर गेले, टेस्ट लॅम्प लावला, अख्ख्या घराची वीज घालवली आणि खुशीत चहा मागितला. जाताना माळ्याला हाताशी धरून बागेत वाया जाणारी एसीची नळी त्यांनी अर्थिंगच्या खड्ड्यात सोडली, कोळसा-मीठ ओलं राहावं म्हणून. सहा महिने कोरड्या हवेची तक्रार करणाऱ्या त्या घरात आता पाण्याचा उपयोग होतोय तो एवढाच.