उत्तरं आठवतात

जुना खेळ नव्या संगणकावर लावायचा म्हणजे आधी त्या संगणकाला जरा दमानं घ्यायला शिकवावं लागतं. बाकी सगळं त्याला येतं. सेकंदाला अब्जावधी हिशेब तो हसत करतो, पण रेंगाळायला सांगितलं की बिचारा गोंधळतो. पूर्वीचे कित्येक खेळ यंत्राच्या वेगावरच आपलं घड्याळ लावत. यंत्र धावलं की खेळातला काळही धावे. म्हणून त्या काळच्या संगणकांच्या पेटीवर 'टर्बो' नावाचं बटण असायचं. नाव असं वाऱ्यावर स्वार झालेलं, आणि काम मात्र गरज पडेल तेव्हा वेग उतरवण्याचं. पुढे ते बटण गेलं आणि गंमत सुरू झाली. 1998 सालच्या 'ग्रिम फँडँगो'त चालत्या लिफ्टमधून नेमक्या क्षणी फोर्कलिफ्ट बाहेर काढायची असते. वेगवान यंत्रांवर ती लिफ्ट अशी सुसाट जाई की नेमका क्षण यायच्या आधीच संपलेला असे. कोडं शाबूत, खेळणाऱ्याची बुद्धी शाबूत. दोघांच्या मधला वेळ तेवढा कुणी काढून नेलेला. डॉसवरच्या जुन्या खेळांसाठी आता 'डॉसबॉक्स' नावाचा प्रोग्रॅम त्या वेळाची सोय करतो. कंट्रोल आणि एफ-11 दाबत राहावं, आत वसवलेला जुना संगणक पायरीपायरीने मंद होत जातो. भरपूर पैसे मोजून आणलेल्या यंत्राला असं हलके हलके म्हातारं करण्यात एक चोरटं सुख आहे. शर्यतीचा घोडा पालखीपुढे चालवत नेल्याचं.

तंजावरला हे शिकवण्याची गरज पडत नाही. राजवाड्याच्या चारी बाजूंच्या राजवीथी नावाने राजरस्ते आहेत, पण दुपारी दोन ते चार त्यांच्यावरून राजा सोडा, रिक्षासुद्धा जात नाही. दक्षिण राजवीथीच्या आतल्या बाजूला आत्याचं घर आहे. ओसरीवर दगडी थंडावा, माजघरात फणसाच्या लाकडाची वीणा, आणि जेवणात डांगर पच्चडी. व्यंकोजीराजे 1676 च्या सुमारास इथे राज्य करू लागले, त्यांच्या मागोमाग जी कुटुंबं आली त्यांतलं हे एक. इथलं मराठी राज्य 1855 मध्ये संपलं. दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि कंपनीने राज्य खालसा केलं. पण ही बातमी आत्याच्या स्वयंपाकघरापर्यंत अजून नीट पोचलेली नसावी. बाहेर दूधवाल्याशी, भाजीवाल्याशी अस्खलित तमिळ. उंबरठ्याच्या आत मराठी, आणि तीही अशी की पुण्याच्या माणसाला आपल्या पणजीने हाक मारल्यासारखं वाटावं.

अशा घरात मी 'मिस्ट' घेऊन बसलो. रँड आणि रॉबिन मिलर या दोघा भावांनी 1993 मध्ये केलेला हा खेळ. त्यात शत्रू नाही, बंदूक नाही, मरण नाही, उलटं चालणारं घड्याळ नाही. आपण एका पुस्तकात पडतो आणि एका निर्मनुष्य बेटाच्या धक्क्यावर उभे राहतो. पुढे काय करायचं ते कुणी सांगत नाही. ज्या लोकांना खेळ म्हणजे धडाधड हवी असते त्यांनी या प्रकाराला चित्रांची चळत म्हटलं, आणि ते तसं खोटंही नव्हतं. सुमारे 2500 स्थिर चित्रं होती, एकावर टिचकी मारली की पुढचं. पण त्या काळच्या सीडी ड्राइव्हला पुढचं चित्र शोधायला वेळ लागे. आतून घरघर येई, पडदा किंचित थबके, मग पायरी चढून झालेली असे. त्या थबकण्यात माणूस विचार करी. आता टिचकी मारायचा अवकाश, पायरी हजर. खेळ तोच, पण त्यातल्या उसाश्यांच्या जागा भरून काढल्या आहेत.

आतेभावाने ती सीडी नव्वदच्या दशकात चेन्नईहून आणली होती. तो आता न्यू जर्सीला असतो आणि सीडी अजून वीणेच्या खोलीतल्या फडताळात. नव्या लॅपटॉपला सीडी घालायची खाचच नसते, म्हणून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. मग कळलं की सीडीवरचा प्रोग्रॅम 16 बिटांचा आणि विंडोज 64 बिटांचं. दोघांची ओळखदेख नाही. शेवटी मदतीला आला तो 'स्कमव्हीएम'. दोघा प्रोग्रॅमरांनी 2001 मध्ये लुकासआर्ट्सच्या जुन्या साहसखेळांसाठी तो सुरू केला, पुढे जगभरच्या हौशी मंडळींनी त्यात आणखी कितीतरी खेळ वाचण्याची विद्या भरली, आणि त्यात 'मिस्ट'ही आला. वाचण्याची विद्या असंच म्हणायला हवं, कारण स्कमव्हीएम जुना प्रोग्रॅम चालवतच नाही. तो त्याला बाजूला बसवतो, सीडीवरची चित्रं, आवाज आणि सूचना तेवढ्या घेतो आणि स्वतः वाचून दाखवतो. पोथी जुनी, पुराणिक नवा.

खऱ्या पोथ्या बघायच्या तर आत्याच्या घरापासून सरस्वती महाल ग्रंथालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. नायक राजांच्या काळी सुरू झालेला हा संग्रह दुसऱ्या सरफोजीराजांनी, म्हणजे 1798 ते 1832 या काळात, असा वाढवला की आज तिथे 40 हजारांहून अधिक हस्तलिखितं आहेत. ताडपत्रांवरची आहेत, कागदावरची आहेत, आणि मोडीतल्या कागदांची गाठोडीच्या गाठोडी आहेत. कागद टिकला, शाई टिकली. आता मोडी झरझर वाचणारा माणूस मिळाला की दोनशे वर्षांपूर्वीचा कारकून पुन्हा हिशेब सांगू लागतो. ताडपत्राला कीड लागू नये म्हणून सिट्रोनेलाचं तेल असतं. वाचणाऱ्याला काय लावायचं, ते अजून कुणाला सापडलेलं नाही.

'मिस्ट'च्या खोक्यात म्हणे एक कोरी वही मिळत असे. आमच्याकडे खोकं आलंच नव्हतं, म्हणून वही शाळेची. ती फडताळात सीडीच्या खालीच होती. वर तमिळमध्ये आतेभावाचं नाव आणि इयत्ता, आत पहिल्या चार पानांवर भूमिती, आणि मग एकदम आकडे. '8', खाली दोन रेघा. '59'. '2:40'. त्याच्या शेजारी '2-2-1'. पुढे तीन तारखा, त्यांतली एक इसवी सन 9791 ची. कोपऱ्यात पेन्सिलीने काढलेल्या पियानोच्या पट्ट्या, त्यांतल्या पाच काळ्या केलेल्या. बाकी एक शब्द नाही. मुलं खजिन्याच्या नकाशावर गावाचं नाव घालत नाहीत, कारण गाव त्यांना पाठ असतं.

वही न पाहता मला काय आठवतंय ते आधी बघू म्हटलं, आणि इथे या खेळाने मला हलकेच चिमटा काढला. उत्तरं सगळी आठवत होती. कोडी मात्र विसरलेली. दोन चाळीस हे मला स्वतःच्या जन्मवेळेपेक्षा पक्कं ठाऊक होतं. पण दोन चाळीसला काय होतं? बेटावर नुसता हिंडत राहिलो, हातात किल्ली आहे आणि कुलूप कुठल्या घराचं ते आठवत नाही अशा माणसाच्या थाटात. किनाऱ्यालगत पाण्यात घड्याळाचा मनोरा दिसला तेव्हा डोक्यात काही लख्ख पडलं नाही, हातच आपोआप चाकाकडे गेले. काटे दोन चाळीसवर आले, पाण्यातून दातेरी चाकांचा पूल उभा राहिला. पहिल्या वेळी याच जागी मी आणि आतेभाऊ आनंदाने ओरडलो होतो. या वेळी मी नुसता 'अरे हो' म्हणालो. पहिल्यांदा सोडवलेलं कोडं म्हणजे विजय. दुसऱ्यांदा सोडवलेलं म्हणजे आपण एके काळी कसा विचार करायचो त्याचा तपास. तपासात सापडतो तो मुलगा आपल्यापेक्षा बराच चिकाटीचा निघतो, ही गोष्ट मनाला लावून न घेता पुढे जावं.

59 म्हणजे व्होल्ट. बेटावरच्या अग्निबाणाला बरोबर तेवढीच वीज द्यायची, जास्त झाली की खटका पडतो आणि खांबावर चढून तो पूर्ववत करावा लागतो. आमच्या लहानपणी या घरातला दाब संध्याकाळी असा खाली-वर व्हायचा की टीव्हीच्या स्टॅबिलायझरचा काटा बघणं हाच एक खेळ होता. 'मिस्ट'मधलं हे कोडं त्यामुळे आम्हाला कोडं वाटलंच नव्हतं. परदेशातली मंडळीही आपल्यासारखीच राहतात, एवढाच बोध आम्ही घेतला.

तारखांचं प्रकरण मात्र आज जास्त रमवून गेलं. बेटावर एक तारांगण आहे. खुर्चीत बसून तारीख-वेळ घातली की छतावर त्या घडीचं आकाश उमटतं. घालायच्या वेळा तीन: 1207 सालच्या 17 जानेवारीची पहाट, 1984 च्या 11 ऑक्टोबरची सकाळ आणि 9791 च्या 23 नोव्हेंबरची संध्याकाळ. तेव्हा आम्ही ते आकडे भराभर घालून नक्षत्र ओळखून मोकळे झालो होतो. आता 1207 वर येऊन थांबलो. त्या पहाटे या गावात बृहदीश्वराचं देऊळ उभं होतं, बांधून पुरं झाल्याला दोनशे वर्षं होत आलेली. चोळांचं राज्य होतं, आणि मराठे यायला अजून साडेचारशेहून अधिक वर्षं होती. 1984 च्या सकाळी आत्या बहुधा वीणा शिकायला आलेल्या शिष्यांना सरळीवरसा, म्हणजे सुरांचे पहिले धडे, घोकवत असेल. आणि 9791 च्या संध्याकाळी? देऊळ असेलच, त्याबद्दल तंजावरात कुणी पैज लावणार नाही. सरफोजीराजांनी 1803 मध्ये त्याच्या भिंतीवर भोसल्यांचा सगळा इतिहास मराठीत कोरून घेतला आहे. लांबच लांब शिलालेख. दगडावर एवढं लिहिणारा माणूस वाचणाऱ्याला काळाची मर्यादा घालत नसतो.

सरफोजीराजांना हा खेळ आवडला असता, असं मला राहून राहून वाटतं. श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीत वाढलेला हा राजा वैद्यकात रमे, इंग्रजी पुस्तकं मागवून त्यांवर सही करी, आणि 1806 मध्ये त्याच्या छापखान्यातून इसापाच्या गोष्टी मराठीत निघाल्या होत्या. राजवाडासुद्धा कुणी कोडी घालण्यासाठी रचल्यासारखा आहे. संगीतमहाल, दरबार, मजल्यावर मजले चढवलेला शस्त्रागाराचा मनोरा. आणि समुद्रापासून इतक्या आत असलेल्या या वाड्यात तरंगंबाडीच्या किनाऱ्याला लागलेल्या देवमाशाचा सांगाडा. 'मिस्ट'मध्ये असा सांगाडा दिसला असता तर आपण त्याच्या फासळ्या मोजल्या असत्या, नक्की कशाचा तरी संकेत म्हणून. इथे पर्यटक त्याच्यासमोर फोटो काढतात आणि कलादालनाकडे वळतात.

शेवटी अग्निबाणातल्या त्या पाच सुरांशी येऊन अडलो. मागच्या टोकाला पट्ट्यांचं वाद्य. तिथे पाच सूर ऐकायचे, ते मनात धरून पुढच्या टोकाला यायचं आणि सरकत्या दांड्या त्या सुरांवर लावायच्या. पियानोच्या पट्ट्या वहीत होत्या, सूर कुठून असणार? तीन दांड्या लागल्यासारख्या वाटल्या. चौथीशी खटपट चालली होती तोच माजघरातून आत्याचा आवाज आला.

"तो चढतोय रे. जरा खाली आण."

आणला.

"फार उतरलास. हां... हां, तिथंच ठेव. आणि तो दुसराही नीट नाही, मघापासून ऐकतेय मी."

डोळे मिटून, हातातली भाजी निवडणं न थांबवता तिने पाचही सूर जागेवर बसवले. दांडा ओढला, अग्निबाणाचं पुस्तक उघडलं. आतेभाऊ आणि मी तेव्हा या जागी बरेच दिवस घातले होते, आणि मग एका दुपारी ते अचानक सुटलं होतं. कसं सुटलं ते कुणालाच आठवत नव्हतं. "तेव्हाही मीच सांगितलं होतं," आत्या म्हणाली. "दोघं एवढे बेसूर वाजवत होता, माझी दुपारची झोप जायची."

या गावात हे असंच चालतं. उत्तर मागे राहतं, कोडं विरून जातं. घरात मराठी का बोलतात, तर बोलतात. त्यामागचं राज्य, स्वारी, दरबार, सगळा प्रश्नच निकालात निघाला, आणि उत्तर मात्र तीनशे वर्षं रोज सकाळी कॉफीच्या दवऱ्याबरोबर पुन्हा दिलं जातंय. तुळशीच्या लग्नात आत्या एक जुनं गाणं म्हणते, त्यातल्या निम्म्या ओळींचा अर्थ तिलाही लागत नाही. पण एक मात्रा इकडची तिकडे होत नाही. आम्ही शहरात वाढलेली मंडळी अर्थ विचारतो आणि तो मिळाला नाही की गाणं सोडतो. ती आधी सूर धरते. अर्थ यायचा असेल तर येईल, बसायला पाट आहे.

संध्याकाळी खेळ संपला. 'मिस्ट'चा शेवट पूर्वी आम्हाला फसवणूक वाटला होता. इतकं सगळं सोडवल्यावर अत्रुस नावाचा तो गृहस्थ आभार मानतो, द्यायला फारसं काही नाही अशी दिलगिरी व्यक्त करतो, आणि बेटावर हवं तितकं हिंडा, ग्रंथालय तुमचंच समजा, असं सांगून लिहायला बसतो. ना फटाके, ना सिंहासन. आतेभाऊ तेव्हा फार चिडला होता. मी आता आत्याला हे सांगितलं, की बघ, एवढी राज्यं पालथी घातली आणि बक्षीस म्हणून काय, तर ग्रंथालय.

तिला त्यात वावगं काही दिसलं नाही. राज्य गेलं की ग्रंथालय उरतं हे तिच्या घरात सर्वांना माहीत आहे.

"बरंच दिलं की," ती म्हणाली. "फक्त बंद कुठल्या वारी असतं ते आधी विचारून घे."