मंद लॅपटॉपवरील उपचार : खर्चाच्या चढत्या क्रमाने

लॅपटॉप स्लो झाला तर उपचार कोणत्या क्रमाने करावेत, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद असतील. आपल्या घरांत नाहीत. जो फुकट तो आधी, जो उपयोगी तो शेवटी. प्रस्तुत मार्गदर्शन याच क्रमाने केले आहे. थेट शेवटच्या पायरीवर उडी मारणाऱ्यांचा लॅपटॉप लवकर सुधारेल, पण घरात त्यांना उधळे म्हटले जाईल, त्याला आमचा इलाज नाही.

आरंभ रिफ्रेशने करावा. डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर उजवे बटण दाबून रिफ्रेश निवडावे. एकदा करून भागत नाही; मुरलेले लोक एफ-फाइव्हवर बोट दाबून धरतात आणि आयकॉन लुकलुकू लागले की समाधानाने मान हलवतात. या क्रियेत विंडोज डेस्कटॉपवरची चित्रे पुन्हा काढते, बस्स. रॅम मोकळी होत नाही, प्रोसेसरला हुरूप येत नाही, उलट आधीच दमलेल्या यंत्राला एक काम वाढते. तरी विधी चुकवू नये. बघणाऱ्यांना आपल्याला संगणकातले कळते असे वाटते, आणि हा लाभ लहान नाही.

मग पुसापुशी. ‘रन’च्या चौकटीतून टेंप आणि प्रीफेच हे दोन फोल्डर उघडावेत आणि दिसेल ते उडवावे. टेंपमधला कचरा काढण्यात गैर काही नाही; डिस्क काठोकाठ भरलेली असेल तर थोडा फरकही पडतो. प्रीफेचमध्ये मात्र कोणता प्रोग्रॅम उघडताना कोणत्या फायली लागतात याची टिपणे विंडोजने जपून ठेवलेली असतात. ती पुसली की तोच प्रोग्रॅम पुढच्या वेळी जास्त उशिरा उघडतो. मग आपण पुन्हा प्रीफेच पुसतो.

एवढ्याने गुण आला नाही तर वेग वाढवून देणारे एखादे फुकट सॉफ्टवेअर उतरवून घ्यावे. ते पहिल्याच तपासणीत लाल अक्षरांत शेकडो दोष दाखवते आणि दुरुस्तीचे पैसे मागते. पैसे आपण देणार नाहीच. मात्र ते सॉफ्टवेअर त्या दिवसापासून लॅपटॉपबरोबर रोज सकाळी उठू लागते. सोबत दुसरा अँटीव्हायरसही टाकावा. दोघे एकच फाइल आळीपाळीने तपासतात आणि मधूनमधून एकमेकांवर संशय घेतात.

आता भाच्याला बोलावण्याची वेळ झाली. भाचा इंजिनिअरिंगला असावा. शाखा कोणतीही चालते, सिव्हिलचाही. तो कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडतो. ‘डिस्क’च्या रकान्यात १०० टक्के दिसतात.

‘‘मग चांगलंय की,’’ आपण म्हणावे, ‘‘पूर्ण क्षमतेने काम करतेय.’’

‘‘मामा, ती धापा टाकतेय. शेवटचं रीस्टार्ट कधी केलं होतंत?’’

‘‘रोज रात्री शटडाउन करतो!’’

इथे भाच्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, कारण ते खरे आहे. २०१२ साली विंडोज ८ आले तेव्हापासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. ती चालू असेल तर शटडाउन केले तरी विंडोजचा गाभा डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच, कालच्या गुंत्यासकट, उचलला जातो. रोजचे शटडाउन म्हणजे कपडे बदलणे; अंघोळ रीस्टार्टलाच होते. तेव्हा आठवड्यातून एकदा तरी रीस्टार्ट करावे. टास्क मॅनेजरमध्येच स्टार्टअपची यादी असते, तिच्यातली नको ती मंडळी बंद करावीत. हे दोन्ही उपाय फुकट असूनही उपयोगी आहेत. आमच्या क्रमात हा अपवाद कसा घुसला, कळत नाही.

लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून वापरण्याची पद्धत सर्वत्र आहे. खालच्या जाळीतून हवा आत जायची, ती चादरीने अडते. प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून आपला वेग आपणच उतरवतो. जाळीत साचलेल्या धुळीनेही हेच होते. शिवाय घेतल्या दिवसाचे प्लास्टिक अजून अंगावर असेल तर ते आता काढायला हरकत नाही. लॅपटॉप जुना झाला आहे.

अखेरची पायरी पाकिटातून जाते. जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेणारी हार्ड डिस्क असते. तिची सुई हव्या त्या जागी पोचायला दहा-पंधरा मिलिसेकंद घेते, आणि विंडोज सुरू होताना तिला अशा हजारो जागा गाठाव्या लागतात. तिच्या जागी एसएसडी बसवावी; तिच्यात सुई नाही, फेरे नाहीत. तिथे हेच काम मिलिसेकंदाच्या लहानशा अंशात होते. रॅम चार जीबी असेल तर तीही वाढवावी, कारण रॅम संपली की विंडोज डिस्कलाच रॅम समजून वापरते आणि दोघांचेही हाल होतात. काही पातळ मॉडेलांत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, म्हणून आधी बघून घ्यावे. मुंबईकरांनी लॅमिंग्टन रोडला जावे, इतरांनी गावातल्या दुकानात. निघण्यापूर्वी फोटोंची आणि कागदपत्रांची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी. ही एकच सूचना आम्ही गांभीर्याने करत आहोत.

खर्च काही हजारांचा. आकडा ऐकून ‘त्यापेक्षा नवाच घेऊ’ असे म्हणण्याची प्रथा आहे, ती पाळावी. मग नव्याच्या किमती विचाराव्यात, आणि मुकाट्याने एसएसडी बसवून घ्यावी. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते; तुमच्या लॅपटॉपमध्ये ती नसेल तर लिनक्सचा विषय भाच्यासमोर काढू नका. तो रात्री मुक्कामालाच राहील.

काम झाल्यावर लॅपटॉप अर्ध्या मिनिटाच्या आत उघडेल आणि व्हिडिओ मात्र पूर्वीसारखाच अडकत राहील. तो दोष राउटरचा. राउटर टीव्हीमागे, शोकेसच्या खालच्या कप्प्यात, स्टीलच्या डब्यांशेजारी असेल. तो बाहेर मोकळ्यावर आणला तर वायफाय सुधारेल, पण शोकेसची शोभा जाते असे मामीचे म्हणणे आहे, आणि त्यावर आमच्याकडे उपाय नाही.